बदामी रंगाखाली

गाडीची सीटकव्हरं बदलायची म्हणून एका शनिवारी आम्ही करोल बागेत गेलो आणि घरी एकटा नको म्हणून कुत्र्यालाही बरोबर घेतलं. पुढचं सगळं त्यातून झालं.

तेव्हा आम्हाला गाझियाबादला येऊन सहा वर्षं झाली होती. नवऱ्याची नोकरी नोएडात, माझी कस्तुरबा गांधी मार्गावरच्या एका सरकारी ऑफिसात, भाषांतराची. लेक अकरावीत होती. कुत्रा दोन वर्षांचा डॅशहुंड, आखूड पायांचा, लांब अंगाचा. रंगानं सबंध बदामी. अंगावर काळा केस एकसुद्धा नाही, नाक तेवढं काळं. डाव्या डोळ्यात मात्र निळा ठिपका होता, तिळाएवढा. ज्यांच्याकडून त्याला आणलं त्यांनी तो ठिपका मुद्दाम दाखवला होता. "नजर का टीका समझो मैडम, लाखों में एक," असं म्हणाले होते. आम्हालाही तो आवडायचा.

करोल बागेतल्या त्या दुकानाचे मालक सत्तरीचे होते. स्वतः कापायचे, मशीनवर शिवायला एक कारागीर होता. काउंटरच्या बाजूला फोमच्या तुकड्यावर एक डॅशहुंड कुत्री झोपली होती. राखाडी अंगावर काळे वेडेवाकडे डाग, भुवया आणि पाय तांबूस.

"कबरी आहे," मी म्हणाले.

"म्हणजे काय?" लेकीनं विचारलं.

"अगं, चितकबरी."

"अच्छा, चितकबरी. मग तसं म्हण ना."

दिल्लीत वाढलेल्या पोरांचं हे असंच असतं. हिंदीतून सांगितलं की मराठी शब्द कळतो. आमचा कुत्रा एव्हाना फोमवर जाऊन बसला होता आणि कुत्रीनं सरकून त्याला जागा दिली होती. ते दोघं तसे बसलेले पाहून म्हातारेबुवा कात्री ठेवून उठले आणि आमच्यासाठी चहा सांगितला.

कुत्री मुळात त्यांच्या बायकोची. बायकोला जाऊन दीड वर्ष झालं होतं. चंदीगडला मुलगी असते, तिचा मुलगा नानीच्या कुत्रीचं पिल्लू हवं म्हणून मागे लागला होता. एकदाच पिल्लं होऊ द्यावीत आणि मग ऑपरेशन करून टाकावं, असं त्यांच्या मनात होतं. रोहिणी भागातल्या एका माणसानं आपला कुत्रा देऊ केला होता, अगदी असाच कबरा. पण यांनी नकार दिला.

"जिनसे ली थी, उन्होंने एक ही बात कही थी," ते मला म्हणाले. "डैपल को डैपल से कभी मत देना. बच्चे अंधे-बहरे निकलते हैं. तो मैं सादे रंग का ढूँढ रहा हूँ, बेटा. आपका सादा है."

डॅशहुंडवाले कबऱ्या रंगाला डॅपल म्हणतात हे मला त्या दिवशी कळलं.

आम्ही लगेच हो म्हटलं नाही. पिल्लं वाढवणाऱ्यांबद्दल मी बरंच वाईट ऐकलं होतं आणि आपण त्यातले व्हायचं नाही असं मला वाटत होतं. नवरा म्हणाला, "करायचंच असेल तर नीट विचारून करूया." आमची कुत्र्यांची डॉक्टर एक तरुण मुलगी होती, घराजवळच तिचं क्लिनिक. तिनं दोघांना तपासलं. या जातीचं पाठीचं दुखणं असतं म्हणून पाठी पाहिल्या, गुडघे पाहिले, संसर्गासाठी रक्त पाठवलं. सगळं ठीक आलं. कुत्री तीन वर्षांची, वजन बरोबर. म्हाताऱ्यांनी पिल्लांची घरंही आधी ठरवली. एक चंदीगडला, एक शेजारच्या डॉक्टरीणबाईंकडे, एक मुलाच्या मित्राकडे. आठ आठवड्यांच्या आत पिल्लू आईपासून सुटणार नाही, हेही ठरलं. मला आमच्या दोन्ही घरांचं कौतुक वाटलं होतं, खोटं कशाला बोलू.

दोन महिन्यांनी कुत्री माजावर आली. त्यांचा मुलगा तिला गाडीतून आमच्याकडे घेऊन आला, एका दिवसाआड दोनदा. लेकीला मी "माजावर" आणि "गाभण" हे शब्द सांगितले. तिनं ते फोनमध्ये लिहून घेतले आणि मैत्रिणींना ऐकवले.

कुत्री व्याली तेव्हा चार पिल्लं झाली. फोटो आला. एक काळं, तांबूस पायांचं. दोन आईसारखी कबरी. आणि चौथी मादी जवळजवळ पांढरीशुभ्र, एका कानावर राखाडी छटा. सगळ्यांनी तिचंच कौतुक केलं. लेकीनं तो फोटो फोनच्या पडद्यावर लावला. बदामी बापाचं आणि कबऱ्या आईचं एक पिल्लू पांढरं का, हा प्रश्न आमच्यापैकी एकालाही पडला नाही. मला वाटलं, बापाचा फिकटपणा आला असेल.

पाचव्या आठवड्यात म्हाताऱ्यांचा फोन आला. मी ऑफिसात होते. आवाज नेहमीचाच.

"बेटा, थाली बजाता हूँ तो तीन दौड़ के आते हैं. सफेद वाली सोती रहती है. हाथ लगाओ तब उठती है."

मी म्हटलं, लहान आहे अजून.

"और एक आँख छोटी लगती है मुझे. आपकी डॉक्टर को दिखा दें? दोनों को वही जानती है."

रविवारी ते आले, मुलाबरोबर, पिल्लू शालीत गुंडाळून. डॉक्टरनं तिला टेबलावर ठेवलं आणि तिच्या मागे उभं राहून टाळी वाजवली. मग किल्ल्यांचा जुडगा स्टीलच्या ट्रेमध्ये टाकला. बाहेर बसलेला कुणाचा तरी कुत्रा भुंकला, पण पिल्लू माझ्या ओढणीचं टोक हुंगत राहिलं. डॉक्टरनं डोळ्यांत प्रकाश टाकून पाहिला. उजवा डोळा लहान राहिला होता, बाहुली मधोमध नव्हती. डावा बरा होता.

"आईवडील दोघंही कबरे आहेत का?" तिनं हिंदीत विचारलं.

"नहीं," म्हातारे म्हणाले. "बाप सादा है. आपने देखा तो है."

"देखा है," ती म्हणाली. मग मला म्हणाली, "त्याला आणता येईल का आत्ता?"

नवरा घरून कुत्र्याला घेऊन आला. डॉक्टरनं त्याच्या अंगावर सगळीकडे उलट्या दिशेनं हात फिरवून केस पाहिले, कानामागचे, शेपटीचे. शेवटी डावा डोळा पाहिला आणि टॉर्च बंद केला.

"हा निळा ठिपका जन्मापासून आहे?"

"हो."

"मी मागच्या वेळी पाहिला होता," ती म्हणाली. "पाठ, गुडघे सगळं तपासलं, आणि याचा विचारच केला नाही. माझी चूक आहे ती."

मग तिनं समजावलं. मी ते माझ्या शब्दांत सांगते. कबरेपणाचा जो गुण असतो तो फक्त काळ्या रंगावर काम करतो. कुठे काळा रंग फिका करतो, कुठे तसाच ठेवतो, म्हणून डाग दिसतात. ज्याच्या अंगावर काळा केसच नाही, त्याच्यावर तो दाखवणार काय? बदामी रंगाखाली तो तसाच झाकलेला राहतो. कधीकधी डोळ्यात निळं दिसतं, कधी तेही नाही. हा गुण एका बाजूनं आला तर पिल्लू कबरं होतं आणि बहुतेक वेळा धडधाकट असतं. आईकडून आणि बापाकडून, दोन्हींकडून आला, तर रंग जवळजवळ सगळाच जातो. कानाच्या आत ज्या पेशी लागतात त्याही रंगाच्याच पेशी, त्या नसल्या की ऐकू येत नाही. डोळे नीट तयार होत नाहीत.

"मतलब यह भी डैपल है?" म्हाताऱ्यांनी आमच्या कुत्र्याकडे बोट दाखवलं.

"टेस्ट करनी पड़ेगी, अंकल. पर मुझे यही लगता है."

ते खुर्चीवर बसले. आमचा कुत्रा त्यांना ओळखत होता, तो त्यांच्या बुटांपाशी जाऊन आडवा झाला. त्यांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला. "मैंने तो पूछ के किया था," ते म्हणाले. कुणाला उद्देशून नाही, नुसतंच. मलाही तेच म्हणायचं होतं.

तपासणी साधी होती. गालाच्या आतून कापसाची काडी फिरवायची, सुकवायची आणि लॅबला कुरिअर करायची. निकाल यायला तीन आठवडे लागले, पण त्यात काय असणार हे आम्हाला माहीत झालं होतं. त्या काळात एका संध्याकाळी लेकीनं वहीत चार चौकोन काढून मला दाखवले. आनुवंशिकता त्यांना दहावीत शिकवली होती, वाटाण्यांवरून.

"हे बघ, आई. आईकडून एक, बाबांकडून एक. म्हणजे कुत्रीकडून एक, कुत्र्याकडून एक. चारात एक असं निघणार."

"आणि तसंच झालं. चारात एक."

"नाही, तसं नाही. प्रत्येक पिल्लाला चारात एक. चौघांनाही होऊ शकलं असतं. एकालाही झालं नसतं, यार, तर आपल्याला कळलंच नसतं."

ती चौकोनांत पेन्सिलीनं रंग भरत बसली. थोड्या वेळानं म्हणाली, "परीक्षेत याचे दोन मार्क असतात."

निकालात दोन ओळी होत्या. कबरेपणाचा गुण एका बाजूनं आलेला. आणि सबंध बदामी रंगाचा गुण दोन्ही बाजूंनी आलेला, म्हणजे काळा केस कधीच न येणारा. डॉक्टरनं तो कागद फाइलला लावला.

पांढरीचं काय करायचं, यावर म्हाताऱ्यांचा आणि माझा थोडा वाद झाला. ते म्हणत होते ती माझ्या घरात जन्मली, माझ्याकडेच राहील. पण त्यांचं घर दुकानाच्या वर, जिना उभा, खाली अख्खा बाजार. ऐकू न येणारं, एका डोळ्यानं पाहणारं पिल्लू दारातून सटकलं तर संपलंच. सुनेला ते कळत होतं, पण सासऱ्यांना सांगवत नव्हतं. मी म्हटलं, "अंकलजी, बाप तो मेरा है." ते हसले नाहीत. दोन दिवसांनी त्यांनी फोन करून हो म्हटलं, एका अटीवर. महिन्यातून एकदा ते तिला भेटायला येणार.

नवरा मात्र तयार नव्हता. "दोघं नोकरीवर, पोरगी बारावीत जाणार, अकरावा मजला," तो म्हणाला. सगळं खरं होतं. रात्रीच्या जेवणानंतर तो बाल्कनीच्या जाळीचं माप घेताना दिसला, तेव्हा मला कळलं.

नऊ आठवड्यांची झाल्यावर ती आमच्याकडे आली. पहिले काही दिवस ती झोपेतून दचकून चावायची, कारण कुणी आलेलं तिला कळायचंच नाही. डॉक्टरनं शिकवलं की हात लावण्याआधी नाकासमोर हात धरा, वास जाऊ द्या. मग जमिनीवर पाय आपटायला शिकलो. फरशीतून तिला कळायचं आणि ती वळून पाहायची. तळहात वर केला की थांब, दोन बोटं खाली केली की बस, छातीवर हात ठेवला की जवळ ये. लेकीनं हे तिला दोन महिन्यांत शिकवलं. मला जास्त वेळ लागला, कारण मी हातवारे करताना तोंडानंही बोलत राहायचे. खालच्या मजल्यावरच्या काकू एकदा वर आल्या, तुमच्याकडे काही ठोकाठोकी चाललीय का विचारायला. सगळं ऐकून म्हणाल्या, "आप पटकिए, हम समझ लेंगे."

आमचा कुत्रा तिच्याशी विशेष प्रेमानं वागायचा असं नाही. पण दाराची बेल वाजली की तो धावायचा आणि त्याला धावताना पाहून तीही मागे धावायची.

एक काम राहिलं होतं, आणि ते करायला मी आठवडाभर टाळाटाळ केली. आमच्या कुत्र्याला हा गुण कुणीतरी दिला होता. ज्यांच्याकडून त्याला आणलं त्यांच्याकडे त्याची आई अजून होती, दरवर्षी पिल्लं होत होती. मी निकालाचा कागद घेऊन एका रविवारी त्यांच्याकडे गेले. घर नीटनेटकं होतं, कुत्र्या धष्टपुष्ट होत्या. त्यांनी मला पाणी दिलं, कागद वाचला आणि परत केला.

बदामीला ते क्रीम म्हणत. "मैडम, क्रीम में डैपल होता ही नहीं. आठ साल से कर रहा हूँ."

"दिसत नाही, पण असतो," मी हिंदीत डॉक्टरचं सगळं सांगितलं. काळा केस, निळा ठिपका, कान.

"हमारे यहाँ से एक बच्चा खराब नहीं निकला."

"तुम्ही बदामीला बदामीच देत असाल तर एखादं पांढरट निघून गेलं असेल. कबऱ्याला दिलं की कळतं."

हे मी बोलायला नको होतं बहुतेक. त्यांचा चेहरा कडक झाला. बाकीची भावंडं कुणाकडे गेली ते सांगाल का, असं मी विचारलं. "कस्टमर का नंबर नहीं देते," ते म्हणाले, आणि ते काही चुकीचं बोलत नव्हते. मी कागदाची प्रत तिथेच टेबलावर ठेवून आले.

एक नंबर मात्र माझ्याकडे होता. आम्ही पिल्लू आणायला गेलो त्याच दिवशी फरीदाबादच्या एक बाई त्याची बहीण घेऊन गेल्या होत्या आणि लसींच्या तारखा विचारायला आम्ही नंबर घेतले होते. तीसुद्धा बदामीच. मी फोन केला. त्यांना आठवायला वेळ लागला. मी सगळं सांगितलं.

"म्हणजे माझ्या कुत्रीत दोष आहे असं तुमचं म्हणणं आहे?" त्यांनी हिंदीत विचारलं.

"असेलच असं नाही. अर्धी शक्यता. तपासून घ्या, एवढंच."

"अगले हफ्ते मेटिंग है हमारी. लड़का डैपल है. सब तय हो चुका है."

मी खुर्चीवरून उठून खिडकीपाशी गेले. सोसायटीच्या आवारात मुलं क्रिकेट खेळत होती. मी त्यांना पांढरीचा व्हिडिओ पाठवू का विचारलं, त्या नको म्हणाल्या. तरी मी पाठवला. त्यात लेक तिच्या मागे उभी राहून ताट वाजवते आहे आणि ती पाठमोरी बसून पंजा चाटते आहे. व्हिडिओ पाहिल्याचं दिसलं, उत्तर आलं नाही. दुसऱ्या दिवशी एवढंच आलं: कैन्सल किया है. टेस्ट का पता भेजिए.

महिन्याभरानं त्यांचा निकाल आला. त्यांच्या कुत्रीत तो गुण नव्हताच. तिनं कबऱ्या कुत्र्यापासून पिल्लं दिली असती तर काहीही बिघडलं नसतं. "हमारा पूरा सीजन चला गया," त्यांनी लिहिलं. मी माफी मागितली. लेक म्हणाली, "माफी कशाची? तुला माहीत नव्हतं, त्यांनाही नव्हतं." ते बरोबर होतं. पण त्यांचा माझ्यावरचा राग गेला नाही आणि पुन्हा त्यांचा काही मेसेज आला नाही. मला त्याचं वाईट वाटलं, फोन केल्याचं नाही.

मग आमच्या कुत्र्याचा प्रश्न आला. त्याचं ऑपरेशन करायचं का, यावर घरात दोन-तीन संध्याकाळी बोलणं झालं. लेकीचा विरोध होता.

"आता आपल्याला माहीत आहे ना," ती म्हणाली. "टेस्ट केलेल्या, खरोखरच्या साध्या कुत्रीशीच जोडलं तर एकही पिल्लू आजारी होणार नाही. मी चौकोन काढून दाखवते."

"होणार नाही," नवरा म्हणाला. "पण त्यातली काही पुन्हा बदामी निघतील. आतून कबरी. ती आपण कुणाला तरी देणार. आपण सांगणार, ते ऐकणार. मग ते पुढे कुणाला तरी देणार."

"त्यांना कागद द्यायचा."

"आपल्याला कागद मिळाला असता तर आपण वाचला असता का?"

मी म्हटलं, मी वाचला असता. लेक म्हणाली, "आई, तू गॅरंटी कार्डसुद्धा वाचत नाहीस." हसायला झालं. पण प्रश्न तिथेच होता. तो चांगला कुत्रा आहे, शांत, पाठीला मजबूत. त्याच्यासारखी पिल्लं असावीत असं मलाही वाटायचं. शेवटी मी विचार केला तो असा: पिल्लं आपल्या हातात असतात दोन महिने, आणि त्यांच्यातलं जे काही आहे ते पुढे कितीतरी पिढ्या जातं. ते कुणीतरी सांभाळेल अशी आशा धरण्यापेक्षा इथे थांबलेलं बरं. महिनाअखेरीस ऑपरेशन केलं. दहा दिवस गळ्यात प्लास्टिकची नरसाळ्यासारखी कॉलर घालून तो सोफ्याला धडकत फिरला.

करोल बागेत म्हाताऱ्यांनी त्यांच्या परीनं वेगळं केलं. काळं पिल्लू चंदीगडच्या नातवाला दिलं. नातवाला खरं तर कबरं हवं होतं, तो दोन दिवस रुसला. दोन कबरी ठरलेल्या घरी गेली. प्रत्येक पिल्लाबरोबर त्यांनी सीटकव्हरच्या उरलेल्या रेक्झिनची एक छोटी पिशवी शिवून दिली, चेन लावून. आत लसींचं कार्ड आणि त्यांच्या हातानं हिंदीत लिहिलेली एक चिठ्ठी. दोन्ही कबऱ्यांच्या चिठ्ठीत होतं की हे पिल्लू कबरं आहे, कबऱ्याशी किंवा बदामीशी तपासल्याशिवाय जोडू नये, बदामी दिसायला साधं असलं तरीही. तळाला त्यांनी पांढरीबद्दल दोन ओळी लिहिल्या होत्या. पिशवी हरवणार नाही, कारण ती रंगीत आहे, असं त्यांचं म्हणणं. कुत्रीचं ऑपरेशनही त्यांनी लगेच करून घेतलं.

ठरल्याप्रमाणे ते महिन्यातून एकदा मेट्रोनं येतात. पांढरीला आधी हात हुंगायला देतात, मग सोफ्यावर बसतात. आमच्याकडे कधी साबुदाण्याची खिचडी असते, ती त्यांना आवडते. कुत्र्यांवर फारसं बोलणं होत नाही. बायकोबद्दल मात्र बोलतात. तिला हे पिल्लू सगळ्यांत जास्त आवडलं असतं, असं एकदा म्हणाले.

पांढरीला खाली फिरवायला नेलं की लोक थांबतातच. निळे डोळे, पांढरं अंग. एकदा बागेत एका तरुण जोडप्यानं तिचे फोटो काढले आणि अशी मिळते कुठे, म्हणून विचारलं. पूर्वी मी हसून पुढे गेले असते. त्या दिवशी मी बाकावर बसले आणि त्यांना सांगितलं की अशी मिळाली तर समजा कुणाचं तरी चुकलंय. मुलगी खाली वाकली, तिनं पांढरीचा लहान डोळा पाहिला. मुलानं विचारलं, मग घ्यायचा तर काय पाहायचं? मी म्हटलं, रंग शेवटी पाहा. आधी आईबाप पाहा, त्यांच्या तपासण्या मागा, आणि देणारा माणूस तुम्हाला किती प्रश्न विचारतो ते बघा. त्यानं विचारलं ते मला आवडलं. त्यांनी पुढे काय केलं माहीत नाही.

या सगळ्याला वर्ष होत आलं होतं तेव्हा एका दुपारी ऑफिसात फोन वाजला. आमचा कुत्रा ज्यांच्याकडून आणला ते गृहस्थ.

"मैडम, वो गाल वाली टेस्ट," ते म्हणाले. "वो रुई वाली स्टिक घर पे खुद लगा सकते हैं, या डॉक्टर ही लगाएगा?"

मी उठून कॉरिडॉरमध्ये गेले. त्यांच्याकडे काय झालं होतं ते मी विचारलं नाही, त्यांनीही सांगितलं नाही. घरीच करता येतं, मी म्हटलं. आधी तासभर काही खायला द्यायचं नाही, आईचं दूध पिणारं पिल्लू असेल तर वेगळं ठेवायचं. काडी गाल आणि हिरडीच्या मध्ये धरून हळूहळू फिरवायची. प्रत्येक कुत्र्याला नवी काडी, पाकिटावर आधी नाव लिहायचं, नंतर नाही, नाहीतर गोंधळ होतो.

"कितने कुत्तों की करवानी चाहिए?"

"तुमच्याकडे बदामी किती आहेत?"

ते मोजत असावेत. "पाँच," ते म्हणाले.

"मग पाचही."

"लिख के भेज दो मैडम, मुझे याद नहीं रहेगा."

मी जागेवर परत आले. समोर एका परिपत्रकाचं भाषांतर अर्धवट होतं, ते बाजूला ठेवलं, आणि त्यांना सगळं हिंदीत, एकेक पायरी नीट लिहून पाठवलं.